हजेरीचा रिचार्ज

मला फुकट गेलेली वस्तू पाहवत नाही. कुठे नळ गळताना दिसला तर मी शेजाऱ्याच्या घरात शिरून बंद करून येते. रात्रीची पोळी उरली की सकाळी तिचा कुस्करा होतोच. भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या नाहीत तर दिवसभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडते. असा स्वभाव. त्यामुळे आई उमरेडहून माझ्याकडे नागपुरात मनीषनगरला राहायला आली, तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं ते तिच्या फोनच्या रिचार्जवरून.

आईचा गुडघा कामातून गेला होता. मी लग्नाच्या भानगडीत कधी पडले नाही, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, फ्लॅटमध्ये एकटीच असते. म्हटलं, चल माझ्याकडे, इथे लिफ्ट आहे. फार आढेवेढे घेऊन ती आली. सोबत एक पेटी, बुद्धाची लहानशी मूर्ती आणि बटणांचा फोन. साधा फोन. त्यात नेट नाही, फोटो निघत नाही, हातातून पडला तर उचलून पुढचं वाक्य बोलता येतं. आणि या फोनवर उमरेडचा दुकानदार दर महिन्याला रोजच्या दीड जीबी नेटचा प्लान मारत होता!

"आई, हे नेट कोण वापरते?"

"कोणतं नेट?"

"ज्याचे तू पैसे देतेस ते."

"मले काय माहीत. तो म्हणे, आजी, हाच चालते सगळ्यायले. म्या म्हटलं, सगळ्यायले चालते त मलेही चालन."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी ठरवलं की आईसाठी सगळ्यात स्वस्त प्लान मी शोधणार, आणि शोधल्याशिवाय गप्प बसणार नाही.

आता प्लान शोधणं म्हणजे काय ताप असतो ते ज्याने शोधला त्यालाच माहीत. एका कंपनीत नेट जास्त आणि दिवस कमी, दुसरीत दिवस जास्त पण सोबत सिनेमे गळ्यात मारलेले. गाणी फुकट, क्रिकेट फुकट. अरे बाबा, माझ्या आईला क्रिकेट नको आहे! तिला नुसतं बोलायचं आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ऑफिसात विचारलं तर ज्याने त्याने आपलाच प्लान कसा भारी ते सांगितलं, जणू स्वतःच्या पोराचं कौतुक चाललंय. शेवटी मी ठरवलं की लोकांना विचारणं बस झालं. आईला फोन लागतो किती, ते आधी आपण बघू.

म्हणून मी तिच्यावर पाळत ठेवली. तोपर्यंत माझी समजूत अशी की ती सकाळी कोणाशी तरी गप्पा मारते. मी तेव्हा अंघोळीच्या, डब्याच्या घाईत असायची, लक्ष कुठे द्यायला! आता नीट पाहिलं. आई अंधार असतानाच उठायची. अंघोळ, मूर्तीपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, वंदना. मग चहा. आणि चहाचा कप खाली ठेवला की फोन मांडीवर घ्यायची आणि दोनचं बटण दाबून धरायची.

"उठली काय वं?"

तिकडून काहीतरी यायचं.

"बरं. गोळी घे. घेतली की खाऊन घेजो."

बंद. मग तीनचं बटण. "उठली काय वं? बरं." बंद. मग चार. मग पाच. असं करत नऊपर्यंत. प्रत्येक बटणात एकेक बाई भरलेली. मी कधीकाळी भरून दिलं होतं तिला ते, कारण तिला आकडे येतात पण फोनमधली नावं वाचत बसायचा कंटाळा. सगळ्या उमरेडच्या आमच्या मोहल्ल्यातल्या. जवळजवळ सगळ्याच एकट्या. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाची मुलगी हैदराबादला, कोणाला कोणीच नाही. शाळेत हजेरी घेतात तशी आई या सगळ्यांची हजेरी घेत होती, आणि तीही उमरेडहून नव्हे, आता मनीषनगरहून.

"हे काय चाललंय तुझं?" मी विचारलं.

"काही नाही वं. पाहून घेतो कोण उठलं, कोण नाही."

मग तिने सांगितलं. मोहल्ल्यातली एक म्हातारी घरात मरून पडली होती आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा कळलं. मयतीला सगळ्या जणी गेल्या, पण परत येताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहीना. आपण इतक्या जणी भिंतीला भिंत लावून राहतो, आणि हिला पाणी पाजायला एकही नाही? त्या दिवसापासून हे सुरू झालं. आई सगळ्यांत आधी उठते म्हणून हजेरी आईकडे. एखादीने फोन उचलला नाही तर आई नऊचं बटण दाबायची. नऊ म्हणजे पिठाची चक्की चालवणारी मावशी. त्यांच्यात ती सगळ्यांत धडधाकट. ती जाऊन दार बडवायची, आणि दार उघडलं नाही तर तोडायचीही तिची तयारी होती.

आणि दोनचं बटण म्हणजे शुगरवाली मावशी. आई तिला सगळ्यांत आधी फोन लावायची, कारण धोका तिलाच. तिची साखर अशी उतरायची की बसल्या जागी घाम फुटून ती आडवी व्हायची. एकदा अशीच पडली होती. आईने फोन केला, उचलला नाही, चक्कीवालीने खिडकीतून पाहिलं, तोंडात साखर कोंबली तेव्हा डोळे उघडले. तेव्हापासून आईचा सगळा जीव त्या पहिल्या बटणात. ते उचललं गेलं की तिचा चेहरा सैल व्हायचा, आणि मग बाकीचे आकडे ती गाणं म्हटल्यासारखे दाबत जायची.

याच बायकांच्या घरी मी लहानाची मोठी झाले. त्या काळी त्या सगळ्या जणी हातमागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या, आईही भरायची. मी ज्या घरात भूक लागेल त्या घरात जेवायची. शुगरवाली मावशी तेव्हा शुगरवाली नव्हती. ती माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की माझे डोळे तिरपे व्हायचे. हे सगळं मी विसरले नव्हते, पण आठवतही बसत नव्हते. नोकरी, कर्जाचे हप्ते, फ्लॅट, यात माणूस उमरेडला सणावारी जातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो.

तर गरज कळली. नेट नको, सिनेमे नको. बोलणं म्हणजे "उठली काय" आणि "बरं". माझं डोकं लगेच चाललं. एवढ्याशा बोलण्याला अमर्याद कॉल कशाला? मी सगळ्यात लहान प्लान शोधला. थोडा बॅलन्स, थोडे दिवस, जेवढं बोलाल तेवढे कापले जातील. आईला समजावून सांगितलं की आता बोललं की पैसे कटतात, तेव्हा जपून.

मी तिला जपून बोल म्हणायचाच अवकाश! या बायकांनी आयुष्यभर तेलाच्या बुधल्या उलट्या ठेवून शेवटचा थेंब काढलेला. चार दिवसांत त्यांनी बोलणंच बंद करून टाकलं. आई बटण दाबायची, एक रिंग जाऊ द्यायची आणि कट. तिकडून उलटा मिस कॉल आला की समजायचं, उठली. बस! एक पैसा खर्च नाही. नाही आला मिस कॉल, तरच खरा फोन.

"कशी आहे आयडिया?" आईने विचारलं.

"कोणाची?"

"चक्कीवालीची. थे म्हणे, जित्तं आहो एवढं सांगाले पैसे कायले द्यायचे?"

मी खूश. इतकी खूश की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. तुमचे ते मोठमोठे प्लान ठेवा बाजूला, माझ्या आईचा बॅलन्स हलतसुद्धा नाही! मी अधूनमधून तिचा बॅलन्स तपासायची आणि जवळजवळ जसाच्या तसा पाहून मला आपण काहीतरी मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटायचं. आहे ना शिल्लक? मग रिचार्ज कशाला? संपला की मारू.

इथेच माती खाल्ली. पैसे शिल्लक होते, दिवस संपत आले होते. प्लानचे दिवस संपले की तुमचा बॅलन्स डबाभर असला तरी फोन बंद, हे मला माहीत नव्हतं का? होतं. स्वतःच्या फोनचं मी कधी चुकवत नाही. पण आईचे पैसे उरताना पाहण्यात मी अशी गुंग, की तारीख बघायचं डोक्यातच आलं नाही.

आणि कंपनी काही मुकी नव्हती. ती मेसेज पाठवत होती, पण आई मेसेज वाचत नाही. मग कंपनीची ती टेप केलेली बाई फोन करायला लागली, की तुमच्या प्लानची मुदत संपत आहे. हे मला नंतर कळलं. मी आईला विचारलं, तुला काही फोन आला होता का कंपनीचा? तर म्हणते, "येत होता ना वं. रोज एक बाई करे सकाळी. थे थांबतच नाही, आपलंच बोलत राहते. मले वाटलं विचारून राहिली असन. म्या म्हटलं, उठली वं बाई, उठली. अन् ठेवून देऊ."

कंपनीच्या बाईलाही तिने हजेरी देऊन टाकली होती.

तो रविवार होता. रविवारी मी उशिरा उठते आणि मला कोणी उठवलेलं चालत नाही, हे आईला पक्कं ठाऊक. मला जाग आली ती तिच्या काठीच्या आवाजाने. ती माझ्या खोलीच्या दारात उभी, हातात फोन.

"काय झालं?"

"कवाची दाबून राहिली, रिंगच जाऊन नाही राहिली. बंद केला, चालू केला. कोणाचा मिस कॉलही नाही आला. एकीचाही नाही."

"कधीपासून?"

"चहा झाल्यापासून."

"आणि मला आता उठवतेस?"

"तू खेकसतं ना वं."

खेकसते, हे खरं. मी फोन कानाला लावला आणि माझ्या लक्षात आलं. जाणारे फोन बंद, येणारेही बंद. आईचा चेहरा मी पाहत नव्हते, पण तिचा आवाज ऐकू येत होता: "दोन नंबरची उठली का नाही काय माहीत. मागं एकदा म्हणत होती, रातच्याले जेवण जात नाही म्हणून."

मी माझ्या फोनवरून रिचार्ज मारायला घेतला. आता मात्र स्वस्त-महाग काही पाहिलं नाही. वर्षभराचा, नुसत्या बोलण्याचा, हवं तेवढं बोला, नेटबिट काही नाही असा प्लान समोर होता. तो कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात होता आणि एकदम इतके पैसे कशाला म्हणून मी तो ओलांडत होते. वर्षाचा हिशेब करून पाहिला असता तर तोच सगळ्यात परवडणारा निघाला असता. आईला मिनिटं नको होती, दिवस पाहिजे होते. मारला. आणि नेमकं तेव्हा पैसे अडकले! स्क्रीनवर ते गोल गोल फिरत राहिलं. आई बाजूला उभी राहून विचारत होती, झालं काय, झालं काय. मी दोनदा खेकसले. मग झालं एकदाचं.

आईने दोनचं बटण दाबलं. रिंग गेली. जात राहिली. कोणी उचललं नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा नाही.

आईने नऊ दाबलं. चक्कीवालीनेही उचलला नाही. असं कधी होत नाही. चक्कीवाली फोन कमरेला खोचून झोपते म्हणतात. आई पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "गेली ते." एवढंच म्हणाली. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि तीन दाबलं.

पहिल्याच रिंगला उचलला गेला आणि तिकडून अशी किंकाळी आली की मी फोन कानापासून दूर धरला.

"अवं, जित्ती आहेस काय वं तू!"

आईने फोन हिसकावला. "मले काय धाड भरली! थे कशी आहे, तुया बाजूची शुगरवाली? फोन काहून उचलून नाही राहिली?"

"थे कुठं आहे इथं! थे अन् चक्कीवाली, दोघी गेल्या ना सकाळच्या गाडीनं नागपूरले. तुया घरी."

"काहून?"

"काहून म्हणजे? तू उठली नाही म्हणून!"

आईच्या हजेरीत आईसुद्धा होती, आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. मला वाटायचं, माझी आई या बायकांचं पाहते. तिकडे या सगळ्या जणी अंधारात उठून, चहा ठेवून, तिच्या एका रिंगची वाट पाहत बसायच्या. रिंग आली नाही. त्यांनी लावून पाहिला, तर फोन बंद. माझा नंबर कोणाकडेच नव्हता, गरजच पडली नव्हती कधी. घर मात्र चक्कीवालीला माहीत होतं, आईचं सामान पोचवायला तीच आली होती. फार विचार केला नाही त्यांनी. उमरेडला नियम होता की बाई उठली नाही तर जाऊन दार बडवायचं. दार मनीषनगरला गेलं, तर एसटीने जायचं.

"तिनं खाल्लं काय?" आई विचारत होती. "अवं, शुगरवालीनं खाल्लं काय काही?"

"कशाचं खाते! गोळी घेतली होती, तशीच उठली. फोनही घरीच राहिला तिचा, आत्ता वाजून राहिला होता, मले ऐकू येत होता."

आता आईला कोण धरणार! गोळी घेतलेली, पोट रिकामं, आणि वरून एसटीचे धक्के. चक्कीवालीचा फोन आम्ही लावत राहिलो, पण त्या गाडीच्या खडखडाटात तिला काय ऐकू येणार. आईने साखरेचा डबा उचलला आणि निघाली. मी म्हटलं, आई, खाली जाऊन काय करशील, त्या येतीलच वर. ऐकेना. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा, लिफ्टने खाली जाऊन गेटपाशी चौकीदाराच्या खुर्चीवर बसली. मी बाजूला उभी. आमच्या सोसायटीतले लोक दूध, पेपर घेऊन जाता-येता बघत होते, की या मायलेकी साखरेचा डबा घेऊन गेटवर का बसल्या आहेत. बघा म्हटलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. प्रत्येक ऑटोला आई अर्धी उठायची. सक्करदऱ्याच्या थांब्यावर उतरल्या असतील तर एव्हाना यायला पाहिजे होत्या, असं मी म्हणायची आणि ती म्हणायची, गप्प राह्य. तिचे ओठ हलत होते. वंदना म्हणत होती की शिव्या देत होती, कोण जाणे.

शेवटी एक ऑटो थांबला आणि आधी चक्कीवाली मावशी उतरली. तिने आईला खुर्चीवर बसलेलं पाहिलं. भर रस्त्यात दोन्ही हात कमरेवर ठेवून ती ओरडली, "मरत नाहीस त सांगायचं ना वं! आमचा जीव काहून घेऊन राहिली?"

तिच्या मागे शुगरवाली मावशी. तिला उतरता येईना. चेहरा घामाने थबथबलेला, हात लटलट कापत होते. आई काठी टाकून तशीच गेली, ऑटोच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि डब्यातली साखर चिमटीने तिच्या तोंडात घालायला लागली. एक चिमूट, एक शिवी. "उपाशी येतेस! अक्कल कुठं गहाण ठेवली? गोळी घेऊन उपाशी येते कोणी? घे. गिळ." मावशी गिळत होती आणि आईच्या गालाला हात लावून लावून पाहत होती. ऑटोवाला पैसे मागायचे विसरून पाहत बसला होता.

त्यांना वर आणलं. मी पोहे केले, चहा केला, आणि मावशीच्या चेहऱ्यावर रंग परत येईपर्यंत आई तिच्यासमोरून हलली नाही. मला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगते. मी या दोघींच्या पाया पडले. मी सहसा कोणाच्या पाया पडत नाही. पण माझी आई एका सकाळी गप्प राहिली, तर तेवढ्यावरून कोणीतरी गाडी पकडून येतं, हे माणसाच्या नशिबात असावं लागतं, आणि ते माझ्या आईच्या नशिबात होतं. याचे उपकार मी कशाने फेडणार? चक्कीवाली म्हणाली, "पुरे झालं वं, उठ. पोहे जळून राहिले."

मग मावशीने दुपारची गोळी आणली का ते पाहायला आईने तिची पिशवी उघडली. गोळ्यांचा डबा वरच होता. त्याच्याखाली हात घालून तिने एक पातळ बाहेर काढलं. पांढरं, हातमागाचं, निळ्या काठाचं. घडी मोडलेली नव्हती. डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

"हे काय?"

चक्कीवाली पंख्याकडे पाहायला लागली. शुगरवाली मावशी म्हणाली, "पातळ आहे."

"थे दिसून राहिलं मले. कोणासाठी आणलं?"

मला कळलं, आणि आईला तर माझ्याआधी कळलं असणार. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं पातळ पडावं लागतं. ते येईपर्यंत लोक थांबतात. आईचे दोन्ही भाऊ कधीच गेले. भाचे कुठे आहेत, आम्हाला पत्ता नाही.

"तुले माहेरचं कोण राहिलं आता?" मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "म्हटलं, आपणच न्या लागन. मोकळ्या हातानं कशी येऊ?"

"इतक्या सकाळी कोणतं दुकान उघडं होतं?"

"दुकान कायले? माया पेटीत होतं."

मावशीच्या पेटीतलं ते पातळ आम्हाला माहीत होतं. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. तिच्याही माहेरी कोणी नाही, म्हणून ओळखीच्या विणकराकडून तिने ते स्वतःसाठी विणून घेतलं होतं. उन्हाळ्यात एकदा काढून ऊन दाखवायची आणि परत ठेवायची.

मला वाटलं, आई आता रडेल, नाहीतर पातळ फेकून देईल. तिने ते उचललं, काठीला धरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं. चक्कीवालीने दोनदा उठायचा प्रयत्न केला, मावशीने तिला हाताने बसवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आई ते पातळ नेसून उभी होती. तिचे सगळे केस पांढरे, पातळ पांढरं, काठ निळा. पौर्णिमेला विहारात निघाल्यासारखी दिसत होती.

"पन्हा कमी आहे," चक्कीवाली म्हणाली. "घोटे दिसून राहिले."

"थे उंच आहे ना," शुगरवाली म्हणाली. "म्या माया मापानं विणून घेतलं होतं."

आई तिच्याजवळ येऊन बसली. "अन् तुले काय आता? तुया वक्ताले?"

"तू आणशीन ना."

आईने पदर नीट केला, तिच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि म्हणाली, "आणीन. पण आधी हे फाटू दे."